पानाकडून शिकलेली पिकअप शेड: कोल्हापूरच्या बसथांब्यांसाठी एक आराखडा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बससेवेच्या, थांब्यांसाठी खणाखणाने (दीड मीटर रुंदीचे सारखे भाग एकापुढे एक जोडून) वाढवता येईल अशी पिकअप शेड आम्ही आखतो आहोत. तिच्यातल्या बऱ्याच गोष्टी झाडापानांकडून घेतल्या आहेत. काम अजून ड्रॉइंग आणि नमुना या टप्प्यावर आहे. रोज बसने जाणारे लोक, फॅब्रिकेशनवाले, फाउंड्रीतले मित्र, कॉलेजची मुलं आणि काही नगरसेवक जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

थांब्याला छप्पर आणि बाकडं असलं की झालं. त्यासाठी निसर्गाकडे कशाला जायचं?

कोल्हापुरात साध्या छपराला दोन गोष्टी पुरून उरतात: तिरका पाऊस आणि कलतं ऊन. जुलैत वारा पश्चिमेकडून येतो आणि पाऊस त्याच्या जोराने आडवा होतो. सर ४५ अंशांत कलली, की छप्पर जितकं उंच तितकं आतपर्यंत भिजतं. छप्पर अडीच मीटरवर आणि त्याची खोली दोन मीटर असेल, तर कोरडी जागा उरतच नाही. मग लोक बाक सोडून मागच्या दुकानाच्या फळीखाली उभे राहतात आणि बस आली की पळत सुटतात.

उन्हाचंही गणित असंच आहे. एप्रिलच्या मध्यावर संध्याकाळी पाच वाजता आपल्याकडे सूर्य क्षितिजापासून साधारण २५ अंशांवर असतो. अडीच मीटरवरच्या छपराची सावली तेव्हा पाच मीटरांहून जास्त लांब, पूर्वेला जाऊन पडते. शेड एकीकडे आणि तिची सावली डांबरी रस्त्यावर. कॉलेजं सुटायची, कारखान्यातली पाळी संपायची आणि बाजार आटोपून बायका गावाकडे परतायची वेळ नेमकी हीच.

याच उन्हापावसात सह्याद्रीतली झाडं लाखो वर्षं उभी आहेत. आपली माणसंही उभी राहिली आहेत. राधानगरी, शाहूवाडी, गगनबावड्याकडे रोपलावणीत इरलं वापरलं जायचं. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पानं, पाठीमागे खाली उतरत गेलेलं आणि पुढून उघडं. वाकून दोन्ही हातांनी काम करणाऱ्या माणसाला त्याने कोरडं ठेवलं, कारण ते अंगाजवळ होतं आणि वाऱ्याकडे पाठ करून होतं. आमच्या शेडचा छेद तिथूनच आला. मागची कड २.१ मीटरवर, पुढची २.६ मीटरवर, पाठीला आडोसा.

म्हणजे शेड पानाच्या आकाराची दिसणार?

थोडीफार दिसेल, पण तसा हट्ट नाही. कमळाच्या, फुलपाखराच्या, शिंपल्याच्या आकाराचे थांबे जगात पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी फुलाचा फक्त बाह्याकार घेतलेला असतो, आणि तो आकार टिकवायला आत दुप्पट लोखंड घालावं लागतं. आम्ही प्रत्येक वेळी एकच विचारलं: या झाडाचा हा भाग कुठलं काम करतो, आणि ते काम आपल्या थांब्यावर आहे का?

पिंपळाच्या पानाचं लांब निमुळतं टोक पाणी झटकतं. पानावरचं पाणी मधल्या शिरेकडे येतं, टोकावरून एका धारेने पडतं आणि पान लवकर सुकतं. आमचं छप्परही मधोमध किंचित खोलगट आहे. पाणी त्या पन्हळीतून मागे जातं आणि टोकावरून खालच्या खडीच्या खड्ड्यात पडतं. बसमध्ये चढणाऱ्याच्या मानेवर थेंबही नाही. हे पाणी कमी नसतं बरं का. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तीन खणांचं छप्पर साडेनऊ चौरस मीटरच्या आसपास, आणि तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर तासाभरात पावणेपाचशे लिटर पाणी. ते कुठे पडणार हे आधी ठरवलं नाही, तर ते प्रवाशांच्या पायातच साचतं.

टोकाला पाइप जोडलेला नाही, हे मुद्दाम. विलायती शिरीषाच्या बारीक पानांनी पाइप पहिल्याच पावसात तुंबतो. उघडी धार तुंबत नाही.

छपराला एवढ्या घड्या कशासाठी? सपाट पत्रा स्वस्त पडेल.

सपाट पत्र्याखाली जो सांगाडा द्यावा लागतो तो स्वस्त पडत नाही. वहीचं पान एका बाजूने धरलं तर लोंबतं, पंख्यासारख्या घड्या घातल्या तर ताठ उभं राहतं. कागद तोच आणि वजनही तेच. ताडाचं पान नेमकं हेच करतं, म्हणून देठापासून इतकं लांब पसरूनही ते कोलमडत नाही. सव्वा मिलिमीटर पत्र्याला ६० मिलिमीटर उंचीच्या घड्या दिल्या, की तो स्वतःचाच वासा होतो. मधे आडवे अँगल टाकायची गरज जवळपास संपते. एका खणाचं छप्पर त्यामुळे ६० किलोच्या आत बसतं. चार माणसं क्रेनशिवाय ते चढवू शकतात आणि उद्या काढायचं झालं तरी तसंच उतरवू शकतात. घड्या प्रेस ब्रेकवर, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशिनवर, निघतात. हे मशिन शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सहज मिळतं.

वळवाच्या वाऱ्यात हे उडून जाणार नाही?

हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा, आणि लोक तो बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी विचारतात. इमारतीवरच्या वाऱ्याच्या भारासाठी आयएस ८७५ या भारतीय मानकाचा तिसरा भाग वापरतात. त्यात पुणे आणि पणजी या दोन्ही शहरांसाठी मूलभूत वेग सेकंदाला ३९ मीटर दिला आहे. आपण या दोघांच्या मधे आहोत, म्हणून आम्हीही ३९ धरला. वेगाचा वर्ग करून ०.६ ने गुणलं की दाब मिळतो: चौरस मीटरला ९१३ न्यूटन, म्हणजे साधारण ९३ किलोचा जोर. एका खणाचं छप्पर ३.१५ चौरस मीटर आहे. त्यावर जवळजवळ २९० किलोचा जोर येऊ शकतो, आणि उघड्या शेडमध्ये हा जोर खालूनही येतो. ६० किलोच्या छपराला २९० किलोने वर उचललं जात असेल, तर खरा प्रश्न छपराला जमिनीशी बांधून ठेवण्याचा आहे. पावसाचं वजन त्यापुढे किरकोळ. कडांचे वाढीव गुणांक वगैरे धरल्यावर अंतिम हिशोब स्ट्रक्चरल इंजिनिअरच करतो. त्याच्या सहीशिवाय एकही खण उभा करू नये.

इथे केळीने मदत केली. केळीच्या पानाचा देठ पन्हळीसारखा असतो. पानाचं वजन पेलायला तो ताठ, पण पिळायला मऊ. म्हणून वारा आला की पान वळतं आणि वाऱ्याला पाठ देतं. जास्तच वारा झाला तर पान शिरांच्या रेषेत फाटतं, वारा आरपार जातो आणि झाड वाचतं. आपली शेड पिळूही शकत नाही आणि फाटूही शकत नाही. पण तिच्यात फटी ठेवता येतात. दोन खणांची छपरं आम्ही एका पातळीत जोडलेली नाहीत. एक थोडं वर, शेजारचं थोडं खाली, आणि कडा एकमेकींवर आलेल्या. मधल्या उभ्या फटीतून वारा निघून जातो, पाऊस मात्र आत येत नाही.

खांब आणि छप्पर जिथे जुळतात तो जोड ओतीव का? वेल्डिंग का नको?

या आराखड्यातला माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

कुठल्याही शेडचा जीव तिच्या जोडात असतो. खांबाला प्लेट, प्लेटला तिरपे अँगल, कोपऱ्यात वेल्डिंग, असा जोड आपण सगळीकडे पाहतो. त्यातला काटकोनातला कोपरा हीच त्याची दुबळी जागा. वाऱ्याचा प्रत्येक झटका तिथे एकवटतो, पाणीही तिथेच थांबतं, गंजही तिथूनच सुरू होतो. आता एखाद्या वडाच्या किंवा आंब्याच्या फांदीचं बेचकं नीट बघा. फांदी खोडाला टेकते तिथे तीक्ष्ण कोपरा कधीच नसतो. झाडाने त्या जागी जास्त लाकूड घातलेलं असतं, आणि वळण असं दिलेलं असतं की ताण एका रेषेवर न येता पसरत जातो. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या क्लाउस मॅटहेक यांनी झाडांच्या या वाढीचा अभ्यास केला आणि तीच वळणं यंत्रांच्या भागांना देता येतात हे दाखवलं. जिथे ताण जास्त तिथे झाड लाकूड वाढवतं, जिथे नाही तिथे वाढवत नाही.

आता फाउंड्रीत चला. पॅटर्नमेकरला, म्हणजे साच्यासाठी नमुना बनवणाऱ्याला, विचारा; तो सांगेल की कास्टिंगला तीक्ष्ण आतला कोपरा चालत नाही. तिथे धातू थंड होताना चीर पडते. म्हणून तो प्रत्येक कोपऱ्याला फिलेट, म्हणजे गोलाई, देतो आणि जाडी हळूहळू बदलत नेतो. झाडाला जे हवं तेच ओतीव लोखंडालाही हवं. वेल्डिंगने बेचक्याची नक्कल करायला गेलात तर खर्च वाढतो. ओतकामात ते वळण आपसूक येतं. पॅटर्न एकदा नीट केला की दहा नग काय आणि हजार काय, प्रत्येक जोड तसाच निघतो.

आणि हे शहर कोल्हापूर आहे. वाहनांसाठी, पंपांसाठी, इंजिनांसाठी इथल्या भट्ट्यांतून निघालेलं कास्टिंग देशभर आणि परदेशातही जातं. सिलिंडर ब्लॉक ओतणाऱ्यांना १८ किलोचा एसजी आयर्नचा (चिवट ओतीव लोखंडाचा) जोड अवघड नाही. एसजी आयर्नच हवं, कारण साधं राखाडी बीड धक्क्याने तडकतं आणि थांब्याला कधी ना कधी रिक्षाचा धक्का बसतोच. आपल्याच गावात ओतलेल्या जोडावर आपली शेड उभी राहावी, यासारखी दुसरी आनंदाची गोष्ट मला तरी सुचत नाही.

खणाखणाने वाढणारी म्हणजे नेमकी कशी?

जुन्या घरात ‘तीन खणी’, ‘पाच खणी’ म्हणतात, तसंच. दीड मीटर रुंदीचा एक खण: एक पाया, मागे एक खांब, वर एक ओतीव जोड, त्यावर एक पान, म्हणजे एका खणाचं छप्पर. खांबांना मागून बाकाची तुळई आणि वरून एक पाइप जोडतो, त्यामुळे सगळे खण एकमेकांना धरून राहतात. उपनगरातल्या थांब्यावर दोन खण पुरतील. सीपीआर रुग्णालयासमोर किंवा विद्यापीठाच्या बाजूला पाच-सहा लागतील. नवरात्रात गर्दी वाढते म्हणून एखादा थांबा पुढच्या वर्षी मोठा करायचा झाला, तर जुन्याला हात न लावता शेजारी नवा खण जोडायचा.

भिंतींचं काम खांबातल्या खाचा करतात, आणि ही युक्ती कोल्हापूरने केव्हाच जगाला दिली आहे. कोल्हापुरी पद्धतीच्या बंधाऱ्यात दगडी खांब कायमचे असतात आणि त्यांच्या खाचांत पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात. पुढचा पावसाळा आला की बरगे काढतात आणि नदीला वाट मोकळी करून देतात. आपल्या शेडच्या पाट्या, म्हणजे काढता-घालता येणारे आडोसे, त्याच तत्त्वावर. जूनच्या आधी वाऱ्याच्या बाजूच्या खाचेत भरीव पाटी, दिवाळीनंतर तिच्या जागी जाळीची. उन्हाळ्यात पश्चिमेला तिरप्या पट्ट्यांची पाटी, म्हणजे ऊन अडतं आणि हवा खेळते. थांब्याचं तोंडच पश्चिमेला असेल तर पुढे सलग आडोसा करता येत नाही, कारण चढायची वाट तीच. तिथे पुढच्या बाजूला एक खण सोडून एक पाटी घालायची आणि मधला दीड मीटर मोकळा ठेवायचा.

असं पूर्वी कुठे झालं आहे का?

झालं आहे, आणि फार पूर्वी. इंग्लंडमधल्या जोसेफ पॅक्स्टन नावाच्या माळ्याने व्हिक्टोरिया जातीचं राक्षसी कमळ वाढवलं. त्याच्या पानाखालचं शिरांचं जाळं त्याला भावलं. एवढं पातळ पान एवढा भार कसं पेलतं, हे त्याने त्यात पाहिलं. त्याच विचारातून १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनासाठी क्रिस्टल पॅलेस उभा राहिला. ओतीव लोखंडाचे सारखे तुकडे, काच, आणि घड्यांचं छप्पर. प्रदर्शन संपल्यावर तो सुटा करून सिडनहॅमला नेला आणि तिथे नव्या रूपात बांधला. पानापासून शिकणं, ओतीव सुटे भाग आणि पुन्हा जोडता येणं, या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र आल्या. अलीकडे ऑस्ट्रियातल्या क्रुमबाख या छोट्या गावाने २०१४ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या वास्तुरचनाकारांकडून सात बसथांबे करून घेतले. गाव लहान म्हणून थांबा कसाही चालेल, असं त्यांनी मानलं नाही. मला त्यातलं हे जास्त आवडतं.

मधमाशीच्या पोळ्यासारखे षट्कोनी खण का नाहीत? ते तर सुंदर दिसतात.

विद्यार्थ्यांच्या दर तीन कल्पनांपैकी एक षट्कोनी असते. सुंदर दिसते यात वाद नाही. मोकळ्या मैदानात, बागेत ती शोभेलही. पण फूटपाथ ही लांब अरुंद पट्टी आहे. तिच्यात षट्कोन बसवले की दोन्ही कडांना त्रिकोणी तुकडे उरतात, ज्यांच्याखाली कोणी नीट उभं राहू शकत नाही. मधमाशीला कमी मेणात जास्त मध साठवायचा असतो. आपल्याला रस्त्याकडे तोंड करून रांगेत माणसं उभी करायची आहेत.

कमळाच्या पानासारखा, धूळ न धरणारा लेप देता येईल का?

कमळाच्या पानावर सूक्ष्म उंचवटे आणि मेण असतं, म्हणून थेंब घरंगळतो आणि धूळ सोबत नेतो. बॉन विद्यापीठाच्या विल्हेल्म बार्थलॉट यांनी ते उलगडलं. तसे लेप बाजारात मिळतात. पण झाड आपलं मेण पुन्हा तयार करतं, लेप स्वतःला दुरुस्त करत नाही. पोस्टर चिकटवून खरवडलं की तो गेला. छपराला चांगला उतार द्या, पाऊसच धुऊन काढेल.

पत्र्याखाली उन्हाळ्यात बसवेल का?

नुसत्या पत्र्याखाली नाही बसवणार. ६-७ मेच्या सुमारास कोल्हापुरात सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो आणि पुन्हा एकदा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मेमधला तापलेला पत्रा खालच्या माणसावर उष्णता फेकत राहतो. उपाय दोन आहेत आणि दोन्ही करायचे. वरचा रंग पांढरा किंवा फिका ठेवायचा. पत्र्याच्या खाली चार बोटं अंतर सोडून बांबूच्या पट्ट्यांचं किंवा सिमेंट फायबर बोर्डचं दुसरं अस्तर द्यायचं. मधली गरम हवा वरच्या फटीतून निघून जाते. पारदर्शक पॉलिकार्बोनेटचं छप्पर मात्र कृपा करून मागू नका. ते फोटोत छान दिसतं, पण त्याच्याखाली सावलीच नसते. शिवाय ते उन्हाने फुगतं: तीन मीटरची शीट ४० अंशांच्या फरकाने सुमारे आठ मिलिमीटर लांब होते. भोकं नेमक्या मापाची ठेवली तर बोल्टपाशी तडे जातात.

पंचगंगेच्या पुरात काय?

राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे इथल्या पोराटोरांना पाठ आहे. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये काय झालं तेही. सुतारवाडा, शाहूपुरी कुंभार गल्ली, व्हीनस कॉर्नर या भागात थांबा पाण्याखाली जाणार हे धरूनच तो आखायला हवा.

पुराचं पाणी शेड पाडत नाही. पाण्याबरोबर येऊन पाट्यांना अडकणारी जलपर्णी, लाकडं आणि कचरा तिला पाडतात. इशारा पातळी आली की बरग्यांसारख्या पाट्या काढून घ्यायच्या. एका थांब्याला दोन माणसं आणि थोडा वेळ लागतो. उघड्या खांबांमधून पाणी आरपार जातं. पोकळ खांबाच्या तळाशी भोक हवंच, नाहीतर आत गाळ आणि पाणी राहून खांब आतून गंजतो आणि बाहेरून कळतही नाही. सगळी वायरिंग छपराच्या पातळीवर. बाक खांबाला टांगलेला, खाली पाय नाहीत. पाणी ओसरल्यावर चिखल पाण्याच्या झोताने सरळ धुता येतो.

म्हातारी माणसं आणि व्हीलचेअरवरचे प्रवासी?

दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा आहे. थांबे त्यात मोडतात. पण कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं. प्रत्येक शेडमध्ये किमान एक खण बाकाशिवाय, छपराखाली. ९०० बाय १२०० मिलिमीटर जागा व्हीलचेअर उभी राहण्यासाठी, आणि वळण्यासाठी दीड मीटरचं मोकळं वर्तुळ. व्हीलचेअरवरच्या माणसाला शेडच्या बाहेर उन्हात थांबवणं हे बाकावर ‘दिव्यांगांसाठी राखीव’ लिहून भरून निघत नाही.

बाक ४५० मिलिमीटर उंच. हाताला आधार टोकांना दिलेला आहे, कारण गुडघे दुखणाऱ्या आजींना उठताना तो लागतो. मधे लोखंडी आडवे दांडे टाकून कोणी झोपू नये अशी व्यवस्था आम्ही केलेली नाही आणि करणारही नाही. स्टीलचा बाक उन्हात चटके देतो, म्हणून बसायला काँक्रीटच्या पट्ट्या. उभं राहणाऱ्यांना टेकायला ७५० मिलिमीटरवर एक पाइप आहे, तो तरुण मुलं जास्त वापरतील असं वाटतं. पाठीची पाटी कमरेपर्यंतच भरीव, वर जाळी. संध्याकाळी एकट्या उभ्या असलेल्या मुलीला मागचा रस्ता दिसला पाहिजे आणि रस्त्यावरच्यांना ती दिसली पाहिजे.

जाहिराती लावल्या तर शेड फुकटात होईल, नाही का?

जाहिरातीच्या बदल्यात शेड, ही पद्धत १९६४ मध्ये फ्रान्समधल्या लियॉनला जेसीदेको या जाहिरात कंपनीने सुरू केली आणि जगभर चालली. आमचा तिला विरोध नाही. अट एकच आहे. आपण फूटपाथवर रस्त्याकडे तोंड करून उभे राहतो तेव्हा बस उजवीकडून येते. ती बाजू पूर्ण मोकळी राहिली पाहिजे. जाहिरात डाव्या टोकाच्या खाचेत, आणि तिच्या अर्ध्या भागावर मार्गांचा नकाशा मराठीत, मोठ्या अक्षरांत. जाहिरातीमागे बस दडली की लोक रस्त्यावर उतरून डोकावतात. त्यातून अपघात होतात.

दिवा? सोलर?

जवळ पथदिवा असेल तर त्याच लाइनवरून एक एलईडी. नसेल तिथेच सोलर. दाट झाडाखाली सोलर बसवून उपयोग नाही.

पाया किती खोल?

काळ्या मातीत जास्त काळजी घ्या. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि वरवरचा पाया वर्षभरात हलतो. मुरूम लागेपर्यंत खाली जायचं. वाऱ्याच्या उचलीला धरून ठेवायला वजन हवं म्हणून एका खांबाखाली ९०० मिलिमीटरचा काँक्रीटचा ठोकळा धरला आहे. त्याचं वजन साधारण पावणेदोन टन होतं. खणण्याआधी हाताने चाचणी खड्डा घ्या. जुन्या पेठांमध्ये फूटपाथखाली पाण्याची लाइन, गटार आणि केबल कुठे असेल याची खात्री फक्त फावडंच देतं. लाइन लागली तर पाया उथळ आणि रुंद करता येतो. त्याचं वेगळं ड्रॉइंग आहे.

एका शेडचा खर्च किती?

रुपयांचा आकडा इथे लिहीत नाही. लोखंडाचा भाव सतत हलतो आणि जुना आकडा टेंडरमध्ये लोकांना फसवतो. वजन मात्र पक्कं आहे, त्यावरून कोणीही फॅब्रिकेटर दर काढू शकेल. १०० बाय १०० बाय ५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप मीटरला साधारण १४.४ किलो. तीन मीटरचा खांब म्हणजे ४३ किलो. जोड १८ किलो, छप्पर ६० किलोच्या आत. त्यात पाट्या, बाक, गरम जस्ताचा मुलामा आणि पाया धरा. जस्तावर काटकसर करू नका. नुसता रंग दिलेलं लोखंड इथल्या पावसात लवकर गंज धरतं.

बोल्ट चोरीला जातील, पत्रा वाकेल. मग?

म्हणून सगळीकडे एकच बोल्ट, एम१६. २४ मिलिमीटरचा एक पाना असला की कुठलीही शेड उघडते. जमिनीपासून हात पोहोचेल तिथपर्यंतच्या बोल्टना मात्र डोकं तुटणारे नट आहेत. ते घट्ट झाले की सहज सुटत नाहीत. केएमटीच्या वर्कशॉपमध्ये छपराची काही पानं, जोड आणि पाट्या शिल्लक ठेवाव्यात. ट्रकने एक खण वाकवला तर तेवढाच बदलायचा. आज आपल्याकडे एक खांब वाकला की अख्खी शेड तशीच तिरपी उभी राहते, कारण तिचा तुकडा वेगळा मिळतच नाही.

आमच्या थांब्यावर मोठं झाड आहे. ते तोडावं लागेल का?

अजिबात नाही. वडाच्या पारासारखा थांबा कुठलाही डिझायनर करू शकत नाही. जिथे खोड येतं तिथे एक खण वगळायचा, दोन्हीकडच्या खणांना बाकाने जोडायचं. पाया मुळांपासून लांब घ्यायचा, आणि छपराच्या टोकावरचं पाणी झाडाच्या आळ्यात सोडायचं. झाडाखाली चांगली सावली असेल तर शेड मुळीच बांधू नका. बाक, दिवा आणि मार्गांची पाटी पुरे.

आम्ही डिझाइनचे विद्यार्थी आहोत. सुरुवात कुठून करू?

स्क्रीनवरून करू नका. आपला रोजचा थांबा निवडा. सकाळी, दुपारी तीनला आणि संध्याकाळी पाचला तिथे माणसं नेमकी कुठे उभी राहतात ते कागदावर टिपा. सावली कुठे पडते ते खडूने आखा. पाऊस असेल तर अजून चांगलं: कोरडी फरशी आणि ओली फरशी यांच्यातली रेघ आखा. मग एकास दहा मापात पुठ्ठ्याची घडी करा, त्यावर वजन ठेवा, पंख्यासमोर धरा. चांगलं वाटलं तर बांबू आणि ताडपत्रीतून पूर्ण मापाचा एक खण बांधा आणि शिडीवरून तिरकं पाणी मारून बघा. झाडाचं निरीक्षण करायचं तर पन्हाळ्याच्या वाटेवर जुलैत जा, आणि पानावर पडलेला थेंब पुढे कुठे जातो एवढंच बघत बसा. एखाद्या फाउंड्रीत पॅटर्नमेकरच्या शेजारी दिवसभर उभं राहायला मिळालं, तर ती संधी सोडू नका.

आमच्या गल्लीत फूटपाथच जेमतेम आहे. तिथे ही शेड बसणार कशी?

पादचाऱ्यांसाठी किमान १.८ मीटर मोकळी वाट असावी, असं इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी १०३ मध्ये सांगितलं आहे. शेडमुळे ती वाट अडत असेल तर शेड बांधायची नाही, हा आमचा नियम आहे. अशा ठिकाणी एकच पान, आणि तेही मागच्या कंपाउंड भिंतीला टेकवून, भिंतीच्या मालकाची संमती घेऊन. त्याखाली बाक नाही, टेकायचा पाइप आहे. भिंतही नसेल तर आधी विचारा की थांबा वीस पावलं पुढेमागे सरकवता येईल का. पेठांमध्ये बऱ्याचदा वळणावर, जुन्या विहिरीजवळ किंवा शाळेच्या कुंपणालगत थोडी रुंद जागा सापडते. ती जागा मोजून, मोबाइलवर उत्तर दिशा बघून आणि पश्चिम कुठल्या बाजूला येते ते लिहून ठेवा. किती खण बसतील आणि पाट्या कुठल्या बाजूला लागतील, हे त्यावरून काढता येतं.